सुटकेनंतरचा पहिला मुक्काम

पवित्र वर्षाच्या प्रारंभी, 26 डिसेंबर 2024 रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममधील रेबिबिया कारागृहात पवित्र द्वार उघडले. त्या वर्षाच्या घोषणापत्रात त्यांनी जगातील शासनांना दोन विनंत्या केल्या होत्या. बंदिवानांना शिक्षेत सूट किंवा माफी देऊन आशा द्यावी, ही पहिली. आणि त्यांना समाजात पुन्हा सामावून घेण्याचे मार्ग आखावेत, ही दुसरी. पुढे 17 एप्रिल 2025 रोजी, पवित्र गुरुवारी, प्रकृती खालावलेली असतानाही ते रोमच्याच रेजिना चेली कारागृहात जाऊन आले आणि चार दिवसांनी ख्रिस्तवासी झाले. वर्षाच्या अखेरीस, 14 डिसेंबर 2025 रोजी, पोप लिओ चौदावे ह्यांनी बंदिवानांच्या ज्युबिलीचा मिस्साबली अर्पण केला.

पवित्र वर्ष आता संपले आहे. पहिल्या विनंतीची चर्चा पुष्कळ झाली, कारण माफी हा शासनाचा विषय आहे आणि त्यावर मत देणे आपल्याला सोपे जाते. दुसरी विनंती मात्र शासनापाशी थांबत नाही. सुटून आलेला माणूस अखेर कोणत्या तरी गल्लीत, कोणत्या तरी शेजारात, कोणत्या तरी धर्मग्रामात राहायला येणार असतो. त्याला तेथे जागा मिळते की नाही, हे न्यायालय ठरवीत नाही, आपण ठरवतो. म्हणून ह्या लेखात आम्ही दुसऱ्या विनंतीचा, आणि विशेषतः कारागृह व घर ह्यांच्या मधल्या निवासाचा, ज्याला इंग्रजीत 'हाफवे हाऊस' म्हणतात त्याचा, विचार करणार आहोत.

पहिली रात्र

कारागृहाच्या दारातून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती काय असते? आत जाताना जमा केलेले कपडे व चीजवस्तू, शिक्षा भोगताना केलेल्या कामाच्या मजुरीतून उरलेली थोडी रक्कम, आणि नियमाप्रमाणे मिळालेच तर गावी जाण्याचे भाडे. जन्मठेपेच्या अनेक प्रकरणांत कायद्याने किमान 14 वर्षे आत काढावी लागतात. 2016 पूर्वी आत गेलेल्या माणसाने मोबाइलवरून पैसे देण्याचा व्यवहार स्वतः कधी केलेला नसतो. त्याचे रेशनकार्डावरील नाव अनेकदा कमी झालेले असते, बँकेचे खाते बंद पडलेले असते, मतदार यादीत त्याचा पत्ता नसतो. आई-वडील वारलेले असतात किंवा थकलेले असतात. भावांनी घराच्या वाटण्या केलेल्या असतात. मुले अशा वयात आलेली असतात की, बापाची ओळख सांगणे त्यांना नकोसे वाटते.

अशा माणसाला त्या संध्याकाळी तीन गोष्टी लागतात: झोपायला जागा, दोन वेळचे जेवण, आणि 'उद्या कोठे जायचे' ह्या प्रश्नाचे उत्तर. ही तिन्ही उत्तरे त्याला स्टेशनच्या फलाटावरही मिळू शकतात, आणि तेथे ती देणारे लोक कोण असतात हे सर्वांना ठाऊक आहे. आत असताना ओळख झालेला जुना साथीदार वेळेवर हजर असतो, उधार पैसे देतो, राहायला खोली दाखवतो. त्याच्या उपकाराची परतफेड पुढे कशी करावी लागते हे निराळे सांगायला नको. चांगल्या माणसांनी जागा रिकामी ठेवली की, ती रिकामी राहत नाही.

ह्या पहिल्या काही आठवड्यांसाठीच वाटेवरचे घर असते. ते तुरुंग नव्हे, कारण तेथे कुलूप नसते. ती धर्मशाळाही नव्हे, कारण तेथे नियम असतात, मुदत असते आणि काम करावे लागते. दिंडीतला माणूस चालून थकला की विसाव्याला थांबतो, पण तेथे घर करीत नाही. पुढच्या वाटेसाठी बळ घेतो. असेच हे घर. येथे काही आठवडे किंवा काही महिने राहून माणसाने कागदपत्रे करून घ्यावीत, रोजगार शोधावा, थोडी शिल्लक टाकावी, व्यसन असेल तर उपचार घ्यावेत, घरच्यांशी तुटलेले बोलणे पुन्हा जोडावे, आणि मग आपल्या पायांवर निघून जावे.

दोन जुने प्रयोग

ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये तिचा उगम एका दुःखद घटनेत झाला. एकोणिसाव्या शतकात शिझुओका येथील कारागृहातील एक कैदी उपअधीक्षक कावामुरा ह्यांच्या शिकवणीमुळे खरोखर बदलला. पुन्हा गुन्हा करणार नाही असे वचन देऊन तो सुटला आणि गावी गेला. आई-वडील वारले होते, पत्नीने दुसरा संसार थाटला होता, नातलगांनी आसरा नाकारला. पुन्हा चोरी करायची नाही आणि जगण्याला दुसरा आधार नाही, अशा कोंडीत सापडून त्याने तळ्यात जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने आपण वचन मोडले नाही हे कळवले होते. ही हकिगत ऐकून किंपारा मेइझेन ह्या दानशूर गृहस्थाने 1888 मध्ये शिझुओका येथे सुटलेल्या कैद्यांसाठी संस्था स्थापन केली.

ह्या घटनेत आम्हांला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या माणसाचे परिवर्तन खोटे नव्हते. कारागृहाने आपले काम केले होते, त्यानेही आपले काम केले होते. अपुरे पडले ते बाहेरचे जग. आज जपानमध्ये अशी सुमारे शंभर घरे आहेत. ती बहुतांशी खाजगी सेवाभावी संस्था चालवतात आणि शासन खर्चाचा भार उचलते. त्यांच्या जोडीला चाळीस हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, निवृत्त कर्मचारी असे साधे लोक सुटलेल्या माणसाला नियमित भेटतात, त्याची विचारपूस करतात. अशा माणसांना काम देण्याची तयारी नोंदवलेले मालक वीस हजारांहून अधिक आहेत. मात्र प्रत्यक्ष काम देणारे त्यांतील थोडेच. म्हणजे तेथेही चांगली इच्छा आणि उघडे दार ह्यांत अंतर आहेच.

दुसरा प्रयोग आपल्या धर्मसभेतील आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात फादर चार्ल्स क्लार्क हे येशूसंघीय धर्मगुरू कैद्यांमध्ये काम करीत. ख्रिस्ताबरोबर क्रुसावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराचे परंपरेने चालत आलेले नाव दिस्मास. लोक फादरांनाही त्याच नावाने हाक मारीत. 1959 मध्ये त्यांनी एका वकिलाच्या साहाय्याने 'दिस्मास हाऊस' सुरू केले. सुटलेल्या कैद्यांसाठीच्या अमेरिकेतील आधुनिक निवासांमध्ये ते अग्रणी मानले जाते. त्यांच्या जीवनावरील 'द हूडलम प्रीस्ट' ह्या चित्रपटाला 1961 च्या कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकांना येथे आपल्या भूमीतील एक नाते आठवेल. त्याच संघटनेने तीन वर्षे आधी, 1958 च्या बर्लिन महोत्सवात, व्ही. शांताराम ह्यांच्या 'दो आँखे बारह हाथ' ह्या चित्रपटाचा गौरव केला होता. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या त्या कथेची प्रेरणा सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील प्रयोगातून आली. औंध संस्थानाच्या काळात, 1939 च्या सुमारास, तेथे कैद्यांना भिंतीबाहेर शेतीवर ठेवण्याचा प्रयोग झाला आणि मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश अभियंत्याचा त्यात पुढाकार होता. खुल्या वसाहतीत कैदी आपल्या कुटुंबासह राहतो, जमीन कसतो. शिक्षा भोगत असतानाच तो पुन्हा नवरा, बाप आणि शेतकरी होतो. अर्धी वाट शिक्षेच्या आतच चालून घ्यावी, हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

आपल्या देशात

मग प्रश्न असा की, जेथे हा विचार इतका जुना आहे तेथे सुटलेल्या माणसासाठी घरे इतकी कमी का?

विचाराचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. 1954 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने सुटकेनंतरच्या अनुरक्षणासाठी सल्लागार समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. म. स. गोरे, जे पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षण गृहे असावीत ही गोष्ट तेव्हापासून सरकारी कागदांवर आहे. 1958 मध्ये परिवीक्षा कायदा आला. न्यायमूर्ती मुल्ला ह्यांच्या समितीने 1983 मध्ये अहवाल देताना सुटकेनंतरच्या साहाय्यावर भर दिला. 2003 आणि 2016 च्या आदर्श कारागृह नियमावल्यांनी अनुरक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण दिले. 2023 मध्ये केंद्र शासनाने आदर्श कारागृह व सुधारसेवा कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला आणि त्यातही पुनर्वसनाचा उल्लेख आहे. सत्तर वर्षे आपण एकच गोष्ट पुनःपुन्हा लिहीत आलो आहोत.

अडचण जबाबदारीच्या वाटणीत आहे. राज्यघटनेप्रमाणे कारागृह हा राज्यांचा विषय. केंद्राची नियमावली ही शिफारस असते, आज्ञा नसते. राज्यात कारागृह विभाग गृहखात्याकडे, तर परिवीक्षा व अनुरक्षणाचे काम महिला व बालविकास विभागाकडे. कैदी दाराच्या आत असेपर्यंत एका खात्याचा आणि दाराबाहेर पडला की दुसऱ्या खात्याचा. त्या दाराच्या उंबरठ्यावर मात्र कोणीच उभे नसते.

तुलनेसाठी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठी अशा मधल्या निवासांची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. अठरा वर्षे पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी 2015 च्या बालन्याय कायद्यात अनुरक्षणाचे कलम आहे. म्हणजे संस्थेतून थेट रस्त्यावर येणे घातक असते, हे आपल्या कायद्याने मान्य केले आहे. प्रौढ कैद्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट शिफारशीच्या पातळीवरच राहते.

काही चांगल्या गोष्टी घडत आहेत, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम 1990 पासून मुंबई परिसरातील कारागृहांत आणि बाहेर बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. 2022 मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला त्याच्या मजुरीच्या आधारावर 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते घरच्यांच्या निकडीसाठी वापरता येते. ही रक्कम लहान वाटेल. पण आत असलेल्या बापाच्या नावावर मुलीच्या शाळेची फी भरली जाते, तेव्हा त्या घरात बापाची जागा शाबूत राहते. परत जायला घर उरले पाहिजे, ही पुनर्वसनाची पहिली अट आहे.

ज्यांना शिक्षाच झालेली नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षाअखेर देशातील कारागृहांत 5,73,220 माणसे होती. जागा होती 4,36,266 जणांची. त्यांपैकी 4,34,302, म्हणजे शंभरातील सुमारे 76, न्यायाधीन बंदी होते. त्यांचा खटला चालू होता, दोष सिद्ध झालेला नव्हता. 'कैदी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गुन्हेगार उभा राहतो. पण कारागृहातील चार माणसांपैकी तीन कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष असतात.

ह्यांतील अनेक जण जामीन मंजूर होऊनही आतच राहतात. जामीनदार नसतो, रक्कम नसते, आणि राहण्याचा पक्का पत्ता नसतो. 1978 मध्ये मोती राम ह्या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी त्याच्या भावाची हमी नाकारली होती, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी तो आदेश चुकीचा ठरवून गरिबाला त्याच्या ऐपतीप्रमाणे जामीन मिळावा हे तत्त्व सांगितले. त्यानंतर चार दशके उलटली. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, जामीन मिळूनही सात दिवसांत कोणी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. 2023 च्याच केंद्रीय योजनेत गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्या सिद्धदोष बंद्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही.

कायदा पुढे सरकला आहे, पैशाचीही काही सोय झाली आहे. पत्त्याची सोय मात्र कोणत्याही कलमाने होत नाही. परप्रांतातून मजुरीला आलेला, पुलाखाली राहणारा, पालावर वाढलेला माणूस न्यायालयाला कोणता पत्ता देणार? वाटेवरच्या घराचे येथे एक फारसे न बोलले जाणारे मोल आहे. ते माणसाला पत्ता देते. 'हा मनुष्य अमुक घरी राहतो, तारखेला आम्ही त्याला हजर करू,' असे सांगणारी संस्था उभी राहिली, तर न्यायाधीशालाही निर्णय घेणे सोपे जाते.

पालावर वाढलेला माणूस म्हटले ते सहेतुक. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण फासेपारधी तरुणाला आजही गावात चोरी झाली की आधी विचारले जाते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींवर 'सराईत गुन्हेगार' हा शिक्का मारण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. कागदावरून शिक्का पुसायला न्यायालय आहे. मनावरून पुसायला शेजारी लागतो.

स्त्रियांची वाट

पुरुष सुटून येतो तेव्हा निदान आई दारात उभी असते. स्त्रीच्या बाबतीत तेही सांगता येत नाही. तिने सासरी गुन्हा केला असा आरोप असेल तर सासर संपलेले असते, आणि माहेरी धाकट्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न पुढे येतो. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ कारागृहात राहू शकते. त्यानंतर ते नातलगांकडे किंवा बालगृहात जाते. बाहेर आल्यावर ते मूल परत मिळवायचे तर राहायला जागा आणि उत्पन्न दाखवावे लागते. 2022 च्या अखेरीस देशात 23,772 स्त्रिया कारागृहांत होत्या. संख्येने थोड्या म्हणून त्यांच्यासाठीच्या सोयीही थोड्या. घरचा आधार नसलेल्या, कारागृहातून सुटलेल्या स्त्रियांना 'स्वाधार' योजनेच्या निवासांत घेण्याची तरतूद होती. 2022 पासून ती योजना 'शक्ती सदन' ह्या नावाने चालते. आपल्या धर्मभगिनींच्या अनेक संस्था निराधार स्त्रियांसाठी वसतिगृहे चालवतात. अशा वसतिगृहांत दोन खाटा कारागृहातून आलेल्या भगिनीसाठी ठेवता येतील का, हा प्रश्न त्यांनाच प्रेमाने विचारावासा वाटतो.

घर आणि कोठार

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की, अशी घरे बांधली की प्रश्न सुटला. अनुभव तसे सांगत नाही, आणि तो न लपवणे हे आमचे कर्तव्य आहे.

2013 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सुधार विभागाने आपल्याच व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेट घरी सोडलेल्या कैद्यांपैकी 60 टक्के तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले किंवा तुरुंगात परतले. मधल्या निवासांतून गेलेल्यांत हे प्रमाण 67 टक्के होते. त्याच्या आदल्या वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने न्यू जर्सी राज्यातील अशा निवासांची हकिगत छापली होती. शेकडो खाटांच्या इमारती, नफ्यासाठी चालवलेल्या. आत अंमली पदार्थ आणि मारामाऱ्या. काही वर्षांत हजारो जण पळून गेलेले. पेनसिल्व्हेनियाने पुढे करार बदलले आणि संस्थांना मिळणारा पैसा परिणामांशी जोडला.

ह्यातून शिकण्यासारखे काय आहे? नाव घराचे आणि स्वरूप कोठाराचे असेल, तर ते दुसरे कारागृहच होते, फक्त तेथे पहारा कमी असतो. शंभर सुटलेली माणसे एकत्र ठेवली की जुन्या ओळखी पक्क्या होतात. दहा जण ठेवले, त्यांच्यासोबत एक जबाबदार कुटुंब किंवा दोन व्रतस्थ राहिले, जेवण एका पंगतीला झाले, सकाळी प्रत्येक जण कामाला बाहेर गेला, तर ते घर राहते. आकार लहान, मुदत ठरलेली, दारूला मज्जाव, कमाईतील हिस्सा बँकेत, आणि घर सोडल्यावरही काही काळ भेटीगाठी चालू: एवढे तरी हवेच. घर अर्ध्या वाटेवरचे आहे, म्हणून त्याला पुढची अर्धी वाट माहीत असली पाहिजे. पुढे रोजगार नसेल, भाड्याची खोली मिळत नसेल, तर हे घर शेवटचा थांबा होऊन बसते.

शेजाऱ्यांची भीती

अशा घराला सर्वांत मोठा विरोध शेजारातून होतो. 'चांगले काम आहे, पण आमच्या आळीत नको.' ह्या वाक्याची चेष्टा करणे सोपे आहे; आम्ही ती करणार नाही. घरात तरुण मुली असलेल्या आईची भीती खरी असते. मे 2024 मध्ये जपानच्या ओत्सु शहरात एका ज्येष्ठ स्वयंसेवकाचा खून झाला आणि ज्याची ते देखरेख करीत होते त्याच माणसाला त्या खुनासाठी अटक झाली. सारा जपान हादरला. शंभर वर्षांहून अधिक जुन्या व्यवस्थेलाही धोका टळलेला नाही.

म्हणून अशा घराने शेजाऱ्यांपासून काही लपवू नये. कोणाला घेणार आणि कोणाला नाही, हे आधी ठरलेले व लेखी असावे. बालकांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या व्यक्तीला शाळा, बालगृह किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग असलेल्या आवारात ठेवता कामा नये. ह्या बाबतीत दयेच्या नावाखाली ढिलाई करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोलीस ठाणे आणि विधी सेवा प्राधिकरण ह्यांना घराची माहिती असावी. ज्याच्यावर अन्याय झाला त्या कुटुंबाचाही विचार व्हावा. पीडित कुटुंब त्याच गावात राहत असेल तर सुटलेल्या माणसाचा मुक्काम दुसरीकडे असावा. पीडितांना नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मिळवून देण्यासाठी झटणारे हात आणि कैद्याला आसरा देणारे हात एकाच धर्मग्रामाचे असावेत. एकाच्या अश्रूंकडे पाठ फिरवून दुसऱ्याचे पुसता येत नाहीत.

एवढे करूनही धोका उरेलच. पण दार बंद ठेवण्यातही धोका असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. माणूस सुटणार हे निश्चित आहे. न्यायालयाने तारीख ठरवली आहे. तो कोणाच्या ओळखीत राहील की कोणाच्याही ओळखीविना राहील, एवढाच पर्याय आपल्या हाती असतो. ज्याचे नाव, काम आणि परतण्याची वेळ कोणाला तरी ठाऊक आहे, त्याच्यापासून शेजार अधिक सुरक्षित असतो.

धर्मग्रामापुढील प्रश्न

भारतीय कॅथलिक धर्मसभेत बंदिवानांच्या सेवेची मोठी परंपरा उभी राहिली आहे. 1981 मध्ये केरळातील दोन तरुण सेमिनारियनांनी सुरू केलेले कार्य 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ह्या नावाने आज देशभर पसरले आहे, आणि 1991 मध्ये थ्रिसूरजवळ 'स्नेहाश्रमम्' हे सुटलेल्यांसाठीचे घर उघडून त्यांनी कारागृहाबाहेरची वाटही दाखवली. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आपण बंदिवानांसाठी प्रार्थना करतो. नाताळात गायनमंडळे कारागृहात जातात, केक वाटतात. हे सारे चांगले आहे. परंतु आत भेटलेला माणूस आपल्याला एका ठरावीक वेळी, पहाऱ्यात, भेटतो आणि आपण घरी परततो. तोच माणूस आपल्या धर्मग्रामात खोली शोधत आला तर? दयेच्या शारीरिक कृत्यांत बंदिवानाला भेटणे हे एक आहे आणि बेघराला आसरा देणे हे दुसरे. सुटकेच्या दिवशी ही दोन्ही कृत्ये एकाच माणसाच्या रूपाने आपल्या दारात उभी राहतात.

संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. पौल स्वतः बंदिवासात आहे. पळून आलेला दास अनेसिम ह्याला तो त्याच्या धन्याकडे परत पाठवीत आहे, आणि त्याला माझ्यासारखाच समजून घरात घ्या अशी विनंती करीत आहे. त्याने काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते आपल्या खात्यावर मांडा, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आजच्या न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर पौल अनेसिमाचा जामीनदार झाला. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ते पत्र एकट्या फिलेमोनाला लिहिलेले नाही. त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही ते उद्देशून आहे. परत आलेल्याला स्वीकारणे हा एका कुटुंबाचा खाजगी उपकार नव्हता. साऱ्या मंडळीने मिळून उत्तर द्यायचे होते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने लगेच आश्रम बांधावा असे आम्ही म्हणत नाही. तसे घर चार-पाच धर्मग्रामांनी मिळून एक काढले तरी पुष्कळ होईल. पण येत्या ऑगस्टमध्ये धर्मग्राम परिषदेने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. आपल्याकडे काही महिन्यांसाठी देता येईल अशी एखादी रिकामी खोली आहे का? जिल्ह्यातील एखाद्या गरीब बंद्यासाठी, वकिलांचा सल्ला घेऊन, जामीनदार राहण्यास कोणी तयार आहे का? आणि आपल्या भाविकांपैकी ज्यांची बेकरी, गॅरेज, वाडी, बांधकामाचा व्यवसाय किंवा दुकान आहे, त्यांच्यापैकी एक जण तरी चारित्र्य पडताळणीचा कागद बाजूला ठेवून माणूस पाहून काम देईल का? सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधुभगिनींना, आपल्या वकिलांना आणि समाजसेविकांना ही चौकशी अवघड नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एकदा जाऊन आले तरी किती माणसे केवळ पत्त्याअभावी अडकली आहेत हे कळेल.

तिन्ही उत्तरे 'नाही' अशी आली तरी ती लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावीत. एखाद्या धर्मग्रामातून एक जरी 'होय' आले, तर त्या जिल्ह्यात एका माणसाला सुटकेच्या संध्याकाळी फलाटावर झोपावे लागणार नाही. आरंभ एवढ्यापासून होतो. जपानमध्येही तो एका माणसापासूनच झाला होता. तेथे मात्र दार उघडायला उशीर झाला होता.